फादरना बोलवायला उशीर करू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

चंगाई सभांच्या, म्हणजे प्रार्थनेने आजार बरे होतात असे सांगणाऱ्या सभांच्या जाहिराती, त्यांवरच्या पोलीस तक्रारी आणि मग श्रद्धा की अंधश्रद्धा हा ठरलेला वाद वृत्तपत्रांतून अधूनमधून रंगत असतो. दोन्ही बाजू तावातावाने बोलतात. पण ख्रिस्ती श्रद्धेत आजाऱ्यासाठी जी जुनी, शांत आणि बिनखर्चाची सोय आहे, तिच्याविषयी सहसा कुणी लिहीत नाही. तिथे मंच नसतो, ध्वनिक्षेपक नसतो, त्यामुळे बातमीही होत नसावी. कॅथोलिक चर्चच्या सात संस्कारांपैकी हा एक : आजाऱ्यांचा तैलाभ्यंग, म्हणजे आजाऱ्याला आशीर्वादित तेल लावून केलेली प्रार्थना. वसईच्या पट्ट्यात असो, मुंबईत की पुण्यात, आपल्या धर्मग्रामात (म्हणजे आपल्या भागातल्या चर्चमध्ये) नुसता एक फोन केला की तो घरी, दवाखान्यात, हव्या त्या खाटेपाशी मिळतो. तरीही आमच्याच लोकांच्या हातून तो पुष्कळदा हुकतो, कारण मागायला उशीर होतो. आजाऱ्यांच्या भेटीगाठीचे काम करणाऱ्या आम्हा काही जणांचे या विषयावरचे म्हणणे आपण छापावे, ही विनंती.

उशिराचे कारण म्हणजे भीती. फादर तेलाची डबी घेऊन घरात शिरले की शेजारी हळूच विचारतात, “काही खरं नाही का आता?” ही भीती उगाच आलेली नाही. कित्येक शतके हा संस्कार मरणाच्या उंबरठ्यावरच दिला जात असे आणि त्याचे नावही अखेरचा अभ्यंग असेच होते. डोळे, कान, नाक, ओठ, हात अशा एकेका इंद्रियाला तेल लावायचे, त्या इंद्रियाने घडलेल्या पापांची क्षमा मागायची, आणि मग माणूस गेला तरी चालेल, असा एकूण रोख. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेविषयीच्या आपल्या दस्तऐवजात स्पष्ट म्हटले की हा फक्त मरणाऱ्यांचा संस्कार नव्हे. पोप सहावे पॉल यांनी ३० नोव्हेंबर १९७२ रोजी नवा विधी मंजूर केला. त्याला अर्धशतक उलटून गेले, पण घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या मनातला समज हललेला नाही आणि तरुणांनी तो न तपासताच पुढे चालवला आहे. मग होते असे की घरचे ‘आत्ता नको, घाबरतील’ म्हणत दिवस ढकलतात. फादर येतात तेव्हा आजारी व्यक्ती शुद्धीवर नसते. पापनिवेदन होत नाही, ख्रिस्तप्रसाद (उपासनेतली पवित्र भाकर, म्हणजेच कम्युनियन) घशाखाली उतरत नाही, प्रार्थनेला साधे ‘आमेन’ म्हणता येत नाही. संस्कार होतो, पण ज्याच्यासाठी तो होता त्याला त्यातले काही कळत नाही.

वेळ कोणती, याचे उत्तर चर्चच्या कायद्यातच आहे. १९८३ च्या धर्मसंहितेतले १००४ क्रमांकाचे कलम सांगते की समज आलेल्या कुठल्याही श्रद्धावंताच्या जिवाला आजारपणाने किंवा म्हातारपणाने धोका निर्माण होऊ ‘लागला’ की त्याला तैलाभ्यंग देता येतो. लागला, म्हणजे सुरुवातीलाच. कर्करोगाचे निदान हाती पडले तो आठवडा, हृदयाच्या किंवा मेंदूच्या मोठ्या शस्त्रक्रियेचा आदला दिवस, डायलिसिस सुरू होणार असे ठरले तेव्हा, पक्षाघाताच्या झटक्यानंतर माणूस जरा सावरला तेव्हा. वय झाले, अंगातली शक्ती गेली, ठळक असा एखादा आजार नाही, तरीही तो मागता येतो. समज आलेल्या मुलांनाही देता येतो. गंभीर मानसिक आजारातही त्याचा विचार होऊ शकतो, पण ते धर्मगुरूंशी बोलून ठरवावे. एकदा बरे होऊन पुन्हा आजारी पडले, किंवा त्याच आजाराने नवे गंभीर वळण घेतले, तर पुन्हा घेता येतो. म्हणजे आयुष्यात एकदाच, हाही गैरसमजच.

याच्या अगदी उलट टोकाचीही एक चूक होते. ११ फेब्रुवारीला, लूर्दच्या मातेच्या सणादिवशी, जागतिक रुग्ण दिन असतो. पोप दुसरे जॉन पॉल यांनी तो १९९२ मध्ये जाहीर केला आणि १९९३ पासून तो पाळला जातो. त्या सुमारास अनेक चर्चमध्ये सामुदायिक तैलाभ्यंगाची मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, होते. चांगलीच गोष्ट. पण रांग लागली की सर्दी-पडसेवाले, धडधाकट आणि ‘सगळे जाताहेत म्हणून’ जाणारेही कपाळ पुढे करतात. तैलाभ्यंग सरसकट वाटायचा नसतो, असे विधीच्या सूचनांमध्ये बजावलेले आहे. गुडघेदुखीसाठी साधा आशीर्वाद पुरतो. दर आठवड्याला हवी असते ती प्रार्थना आणि ख्रिस्तप्रसाद, आणि तो घरी मिळण्याची सोय बहुतेक ठिकाणी असते. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आजाऱ्यांच्या घरी जाण्याची प्रथा तर जुनीच आहे.

आता प्रत्यक्ष कृतीकडे येऊ. धर्मग्रामाच्या कार्यालयात फोन कराल तेव्हा ‘बाबा सीरियस आहेत, लवकर या’ एवढ्याने भागत नाही. नाव, वय, आजार काय, शुद्धीवर आहेत का, बोलता येते का, पाण्याचा घोट गिळता येतो का, नळीने अन्न चालू आहे का, काही संसर्ग आहे का, एवढे सांगा. दवाखाना असेल तर मजला, खाट क्रमांक आणि भेटीची वेळ सांगा. फादर सोबत काय आणतील हे या उत्तरांवर ठरते. हा संस्कार फक्त धर्मगुरू किंवा बिशप देऊ शकतात. सिस्टर, डीकन (धर्मगुरूच्या खालच्या पायरीवरचे दीक्षित सेवक) किंवा ख्रिस्तप्रसाद घेऊन येणारे प्रापंचिक सेवक प्रार्थना करतील, कम्युनियन देतील, पण तैलाभ्यंग त्यांच्या अधिकारात नाही. त्यामुळे ‘कुणी का येईना’ असे म्हणून चालत नाही.

घरी खाटेजवळ एक लहान टेबल किंवा स्टूल, त्यावर स्वच्छ पांढरे कापड, क्रूस, आशीर्वादित पाण्याची वाटी, पिण्याच्या पाण्याचा पेला आणि चमचा, थोडा कापूस आणि फादरना बोटे पुसण्यासाठी लिंबाची फोड किंवा पावाचा तुकडा. मेणबत्ती लावायची रीत आहे, पण घरात ऑक्सिजन चालू असेल तर लावू नये. सिलिंडर असो की ऑक्सिजन तयार करणारे यंत्र, उशी-चादरीत ऑक्सिजन मुरलेला असतो आणि एक ठिणगी पुरते. बॅटरीचा दिवा ठेवा, देवाला चालतो. आणखी एक, जे फारसे कुणी सांगत नाही : तेलाचा हात सिलिंडरच्या चावीला किंवा दाब दाखवणाऱ्या मीटरला लावू नका. जास्त दाबाचा ऑक्सिजन तेल-ग्रीससारख्या गोष्टींना पेटवू शकतो. आधी बोटे नीट पुसा, मग चावी. टीव्ही बंद करा, मोबाइल गप्प करा, आणि व्हिडिओ काढायचा असेल तर आजारी माणसाला विचारा. नको म्हणाला तर नको.

विधी पाऊण तासाचा नसतो. सगळे मिळून वीस-पंचवीस मिनिटे, आणि फारच थकवा असेल तर त्याहून कमी. सुरुवातीला अभिवादन, वाटल्यास पाण्याचे शिंपण, मग बायबलमधल्या याकोबाच्या पत्रातल्या पाचव्या अध्यायाची आठवण : तुमच्यात कोणी आजारी आहे काय, त्याने मंडळीच्या वडीलजनांना बोलवावे, त्यांनी प्रभूच्या नावाने त्याला तेल लावून प्रार्थना करावी. सगळा संस्कार या वचनावर उभा आहे. यानंतर सर्वांनी मिळून पश्चात्तापाची प्रार्थना, किंवा आजाऱ्याला हवे असेल तर खासगी पापनिवेदन. मग बायबलमधले एक छोटे वाचन आणि थोडी मध्यस्थीची प्रार्थना. आणि मग फादर काहीही न बोलता आजाऱ्याच्या डोक्यावर हात ठेवतात. ही शांतता विधीचाच भाग आहे. आमच्याकडे मात्र शांतता कुणाला सोसत नाही. कुणीतरी गाणे सुरू करते, कुणी हुंदका देते, कुणी मोठ्याने ‘येशू, येशू’ म्हणू लागते. त्या अर्ध्या मिनिटात कृपया कुणी काही करू नये.

यानंतर तेलासाठी देवाचे आभार आणि अभ्यंग. अंगठ्याच्या टोकाला लागेल एवढेच तेल. कपाळावर क्रूसाची खूण करताना पहिली ओळ : या पवित्र अभ्यंगाद्वारे प्रभू आपल्या प्रेमाने व दयेने पवित्र आत्म्याच्या कृपेचे साहाय्य तुला देवो. हातांना लावताना दुसरी : पापांतून मुक्त करणारा प्रभू तुझे तारण करो, तुला उठवो. अशा अर्थाचे हे शब्द आहेत आणि दोन्ही वेळा उत्तर ‘आमेन’. आजाऱ्याला बोलता येत नसेल तर घरच्यांनी म्हणावे. मग अभ्यंगानंतरची प्रार्थना, ‘हे आमच्या बापा’, जमत असेल तर ख्रिस्तप्रसाद, शेवटी आशीर्वाद. गिळणे अवघड असेल तर ख्रिस्तप्रसादाचा अगदी लहान तुकडा चमचाभर पाण्याबरोबर देता येतो. आजाऱ्याला आणि त्याची शुश्रूषा करणाऱ्यांना तासाभराच्या उपवासाची अट नाही. नाकातून नळी असेल किंवा उलट्या होत असतील तर आग्रह धरू नये. तैलाभ्यंग तेवढाच पुरेसा आहे.

तेलाविषयी लोकांच्या डोक्यात बराच गोंधळ असतो, म्हणून थोडे सविस्तर. हे तेल बिशप पवित्र सप्ताहात, पवित्र गुरुवारच्या सकाळी किंवा त्याच्या आसपासच्या दिवशी, आपल्या सर्व धर्मगुरूंसोबतच्या मिस्सेत आशीर्वादित करतात. त्या दिवशी तीन तेले असतात : स्नानसंस्काराच्या (बाप्तिस्म्याच्या) तयारीतल्यांसाठी एक, आजाऱ्यांसाठी एक, आणि सुगंधी बाल्सम मिसळलेला क्रिझ्मा, जो दृढीकरण आणि धर्मगुरूंच्या दीक्षेसाठी असतो. आजाऱ्यांच्या तेलाच्या डबीवर ‘ओ. आय.’ (लॅटिनमध्ये ‘आजाऱ्यांचे तेल’) अशी अक्षरे असतात, अदलाबदल होऊ नये म्हणून. परंपरेने तेल जैतुनाचे, पण १९७२ पासून कुठलेही वनस्पती तेल चालते. जिथे जैतून उगवत नाही तिथल्या लोकांचा विचार करून ही सूट दिली. अगदीच नड असेल तर धर्मगुरू विधीच्या वेळी जागेवर तेल आशीर्वादित करू शकतात. डबीत नुसते तेल न ठेवता तेलात भिजवलेला कापूस ठेवतात, म्हणजे खिशात सांडत नाही. दरवर्षी नवे तेल येते तेव्हा जुने जाळून संपवतात. अंग पुसलेला कापूसही जाळायचा किंवा मातीत पुरायचा. हे तेल बाटलीत भरून विकले जात नाही आणि ‘दुखेल तिथे लावा’ म्हणून घरी ठेवायलाही मिळत नाही. तीर्थस्थळी भक्तीची आठवण म्हणून जी तेले मिळतात ती वेगळी. ती घ्यायला हरकत नाही, पण संस्काराशी त्यांचा संबंध नाही.

अतिदक्षता विभागात गणित बदलते. आत एकालाच सोडतात, वेळ पाच मिनिटांचा, बाजूला यंत्रांचा आवाज. अशा वेळी कपाळावर एकच अभ्यंग पुरतो, धर्मसंहितेत त्याची मुभा आहे. कपाळावर ड्रेसिंग असेल तर अंगाच्या दुसऱ्या भागावर चालते. हाताला सलाइनची सुई टोचलेली असेल तर त्या हाताच्या पाठीवर तेल नको : चिकटपट्टी सुटते, सुई हलते आणि नर्स ओरडते ते बरोबरच असते. तळहाताला पुसटसे लावा किंवा दुसरा हात घ्या. संसर्गाचा धोका असेल तर हातमोजा किंवा कापसाची काडी वापरता येते. एरवी धर्मगुरूने स्वतःच्या हातानेच लावायचे असते, कारण स्पर्श हा या संस्काराचा गाभा आहे, पण गंभीर कारण असल्यास साधन वापरण्याची सोय १००० क्रमांकाच्या कलमातच आहे. आत जाण्याआधी ड्युटीवरच्या नर्सला दोन वाक्यांत सांगितले की काम सोपे होते. त्या रोज हेच पाहतात, अडवत नाहीत.

माणूस गेलेला असेल तर? मृताला संस्कार देत नाहीत. त्याच्यासाठी प्रार्थना करतात, आणि ती काही कमी नसते. जीव आहे की नाही याविषयी शंका असेल तर मात्र द्यावा असे नियम सांगतो. आणि खरोखर मरणाच्या दारात असलेल्यासाठी चर्चने ठेवलेली शिदोरी म्हणजे अखेरचा ख्रिस्तप्रसाद. तैलाभ्यंगावर आपण जो शेवटाचा शिक्का मारला आहे, तो खरे तर त्या ख्रिस्तप्रसादाला शोभतो.

बरे होण्यातला आतला भाग, म्हणजे मनावरचे ओझे उतरणे, तो बहुतेक पापनिवेदनात घडतो, म्हणून त्याविषयी. त्या वेळी खोलीत फक्त धर्मगुरू आणि आजारी माणूस. बाकी सगळ्यांनी बाहेर जायचे, दार लोटून घ्यायचे. बोलता येत नसेल तर फादर प्रश्न विचारतात आणि मान हलवून किंवा हात दाबून उत्तर दिले तरी चालते. सगळा हिशेब आठवण्याची गरज नसते, मनापासूनचा पश्चात्ताप हवा. बाहेर आल्यावर फादरना ‘काय म्हणाले हो?’ असे विचारणारी मुले-सुना असतात. विचारू नका. ते सांगू शकत नाहीत, कोर्टालाही नाही.

आजारी माणसाच्या मनात सगळ्यांत खोल रुतलेली गोष्ट पुष्कळदा पाप नसतेच, वैर असते. आमच्या वसई पट्ट्यात ते बहुधा बांधावरून, वाडीतल्या वाटेवरून किंवा वडिलोपार्जित जमिनीच्या सातबाऱ्यावरून झालेले असते. भाऊ भावाशी वीस-वीस वर्षे बोलत नाही. तैलाभ्यंगाच्या आधी त्या भावाला निरोप धाडता आला तर जरूर धाडावा, पण भरल्या घरात, सगळ्या नातलगांसमोर ‘आता माफ कर’ असा दबाव आणू नये. असे केल्याने एकतर खोटी माफी होते किंवा तमाशा. दोघांना दहा मिनिटे एकटे सोडावे, एवढेच. क्षमा करणे म्हणजे दावा मागे घेणे नव्हे. कोर्टातले कोर्टात चालू द्या. आणि एक गोष्ट निक्षून सांगतो : मृत्युपत्रावरची सही आणि तैलाभ्यंग एका दुपारी ठेवू नका. वकील आणि फादर जिन्यात एकमेकांना भेटले की आजारी माणूस काय ते समजतो, आणि पुढे कोर्टात त्या सहीवरही प्रश्न येतो.

आता ज्यावरून एवढा वाद होतो तो प्रश्न : यातून शरीर बरे होते का? चर्चचे उत्तर असे की देवाची इच्छा असेल तर तेही होऊ शकते, पण तशी हमी नाही. बायबलमध्येही सगळे बरे झालेले नाहीत. संत पौलाने आपल्या शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा विनवणी केली, तो निघाला नाही. आपला सोबती त्रफिम याला त्याने मिलेत गावी आजारी सोडले. आपला शिष्य तीमथ्य याला पोटाच्या तक्रारीसाठी त्याने चंगाईची प्रार्थना नव्हे, थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितला. जन्मांधाविषयी शिष्यांनी विचारले, पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? येशू म्हणाला, कोणाचेच नाही. योहानाचा नववा अध्याय घरोघरी पुन्हा वाचायला हवा, कारण ख्रिस्ती घरांतही ‘कुणाची नजर लागली’, ‘करणी झाली’ असे म्हणणारे आहेत, आणि आजारी माणसाला त्याच्या आजाराचा दोषी ठरवणारे तर खूपच. बायबलमधल्या बेन सिराच्या ग्रंथाचा अडतिसावा अध्याय वैद्याचा मान राखायला सांगतो आणि औषधे प्रभूनेच जमिनीतून निर्माण केली, शहाणा माणूस ती नाकारत नाही, असेही सांगतो. मिरजेत डॉ. विल्यम वॉनलेस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रुग्णालय उभारले, जामखेडमध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून खेड्यांत आरोग्याचे काम केले. ही माणसे प्रार्थना करणारीच होती. शस्त्रक्रिया आणि प्रार्थना यांत त्यांना भांडण दिसले नाही.

चमत्काराच्या बाबतीत खुद्द चर्च किती कंजूष आहे हे फ्रान्समधल्या लूर्द या तीर्थस्थळावरून कळावे. तिथे १८५८ मध्ये दर्शने झाली, १८८३ पासून डॉक्टरांचे तपासणी कार्यालय आहे. बरे झाल्याचे हजारो दावे तिथे नोंदले गेले. त्यातला सत्तरावा चमत्कार म्हणून मान्य झाला तो २०१८ मध्ये. आजार गंभीर होता का, निदान पक्के होते का, सुधारणा अचानक, पूर्ण आणि टिकाऊ झाली का, उपचारांनी तिचा उलगडा होतो का, हे सारे तपासल्यावर, आणि तेही वर्षानुवर्षे. याउलट एखाद्या सभेत त्याच संध्याकाळी मंचावर ‘मला आता दुखत नाही’ अशी साक्ष घेतली जाते. दुखत नसेलही. गर्दी, गाणी, उत्तेजना यांत दुखणे काही तास जाणवेनासे होते, म्हणून आजार गेलेला नसतो. व्हॅटिकनने १४ सप्टेंबर २००० रोजी चंगाईच्या प्रार्थनांविषयी खास सूचनापत्र काढले. अशा सभांत उन्माद, कृत्रिमपणा, नाटकीपणा किंवा सनसनाटी नको, चालवणाऱ्यांकडून तर मुळीच नको, असे त्यात म्हटले आहे. साक्षी काळजीपूर्वक नोंदवून चर्चच्या अधिकाऱ्यांपुढे ठेवाव्यात असेही सांगितले आहे.

खरा धोका दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू होतो, गोळ्या बंद होतात तेव्हा. क्षयरोगात पहिल्या काही आठवड्यांत बरे वाटू लागते, पण साधा कोर्सही सहा महिन्यांचा असतो. मधेच सोडला तर उरलेले जंतू औषधाला दाद देईनासे होऊ शकतात. फिटच्या गोळ्या एकदम थांबवल्या तर झटके पहिल्यापेक्षा जोराचे येऊ शकतात. इन्सुलिनवर असलेल्याने ते सोडले तर काही दिवसांत, कधी काही तासांत, जिवावर बेतू शकते. रक्तदाब वाढलेला माणसाला कळतच नाही, म्हणून ‘बरे वाटते’ हा पुरावा तिथे कुचकामी. मनाच्या आजारावरची औषधेही अशीच : ती डॉक्टरच कमी करतील, हळूहळू. बरे वाटत असेल तर आनंदच आहे, डॉक्टरांकडे जा, तपासणी करा, आणि त्यांनी सांगितल्यावर औषध थांबवा. देवाने खरोखर बरे केले असेल तर ते रक्ताच्या चाचणीतही दिसेल. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात कुत्रा, साप, विंचू चावलेल्याला औषधोपचार घेऊ न देणे हा गुन्हा आहे. ठराविक आजार बरे करण्याचे दावे करणाऱ्या औषधांच्या आणि जादुई उपायांच्या जाहिरातींना १९५४ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे. हे कायदे सर्वांना लागू आहेत, आम्हालाही.

माउंट मेरीच्या जत्रेत मेणाचे हात, पाय, डोळे वाहणाऱ्यांची आम्ही टिंगल करणार नाही, हेही इथेच सांगून टाकतो. नवस बोलणारी बाई त्याच आठवड्यात डॉक्टरांकडेही गेलेली असते. भाबडेपणा वेगळा आणि उपचार सोडायला लावणे वेगळे.

प्रोटेस्टंट मंडळ्यांत तैलाभ्यंग संस्कार म्हणून मानत नाहीत, पण याकोबाच्या त्याच वचनाप्रमाणे पाळक आणि वडीलजन तेल लावून प्रार्थना करतात. गुडघे टेकायची पद्धत वेगळी, बाकी वर लिहिलेली पथ्ये तीच. हिंदू किंवा मुसलमान शेजारी फादरना प्रार्थनेला बोलावतात, असेही होते. त्यांना संस्कार देत नाहीत, पण डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद मागायला काही आडकाठी नाही. मात्र सामान्य वॉर्डात, न बोलावता, शेजारच्या खाटेवरच्या अनोळखी माणसासाठी मोठ्याने प्रार्थना करू नये, पत्रके वाटू नयेत. खाटेवरचा माणूस उठून जाऊ शकत नाही. त्याच्या या लाचारीचा फायदा घेणे हे येशूच्या रीतीला धरून नाही, आणि आज राज्यातले वातावरण पाहता असल्या वागण्याची झळ ख्रिस्ती रुग्णालयांना आणि सिस्टरांना बसते.

भेटीला जाणाऱ्या आप्तांसाठी थोडे. पंधरा मिनिटे बसा. खाटेवर बसू नका, खुर्ची ओढून घ्या, म्हणजे तुमचे डोळे आजाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीला येतील. ‘देवाची इच्छा’ हे वाक्य त्याने म्हटले तर ऐका, तुम्ही म्हणू नका. जपमाळ पूर्ण नको, एकच दशक : एक ‘हे आमच्या बापा’, दहा ‘नमो मारिया’. बायबलमधली स्तोत्रे २३, १२१, १३० यांपैकी एक, सावकाश. रात्र-रात्र जागणाऱ्या सुनेला किंवा मुलाला तासभर सुट्टी देऊन तुम्ही खाटेपाशी थांबलात तर तीही प्रार्थनाच. तिच्यासाठी त्या दिवशीचे आध्यात्मिक आरोग्य म्हणजे एक तास झोप असू शकते.

या कशालाच पैसे पडत नाहीत. संस्कारासाठी ठरलेल्या देणगीपलीकडे धर्मगुरूने काही मागायचे नाही आणि गरिबाला पैशांअभावी संस्काराविना ठेवायचे नाही, असे धर्मसंहितेचे ८४८ क्रमांकाचे कलम आहे. कुणी ‘चंगाईच्या तेलाचे’ दर सांगत असेल तर ते तेल हे नव्हे.

आपल्याकडे दोन मागण्या आहेत. असाध्य आजार बरे करण्याची हमी देणारी जाहिरात कुठल्याही धर्माच्या नावाने आली तरी आपल्या जाहिरात विभागाने १९५४ चा कायदा समोर ठेवून ती तपासावी. आणि शहरातल्या मोठ्या रुग्णालयांपर्यंत हे पोचवावे की दाखल करून घेताना भरायच्या कागदावर धर्माचा रकाना असतो तसा ‘आपल्या धर्मगुरूंना कळवायचे का, कोणाला’ असा एक रकाना असावा, ख्रिस्त्यांसाठीच नव्हे, सर्वांसाठी. तोवर ख्रिस्ती वाचकांनी एवढे करावे : धर्मग्राम कार्यालयाचा क्रमांक डॉक्टरांच्या क्रमांकाशेजारी लिहून ठेवावा आणि शस्त्रक्रियेची तारीख ठरली की त्याच दिवशी फोन करावा. भूल देण्याआधी रात्रीपासून काही खाता येत नाही, तेव्हा कम्युनियन हवे असेल तर फादरना आदल्या संध्याकाळची वेळ मागा.

आपले,
आजाऱ्यांच्या भेटीचे काम करणारे काही धर्मग्रामस्थ
वसई